फुल बॉडी चेकअप: दरवर्षी सगळ्या तपासण्या खरंच गरजेच्या असतात का?

'फुल बॉडी चेकअप. सत्तरहून जास्त चाचण्या. घरी येऊन सॅम्पल घेणार. आजच बुक केल्यास निम्म्या किमतीत.'

असा मेसेज आला नाही, असा मोबाइल शहरात सापडणं आता कठीण आहे. वडिलांच्या साठीला किंवा आईच्या वाढदिवसाला मुलं असं पॅकेज भेट देतात. अनेक कंपन्या वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना तपासणीसाठी पाठवतात. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर पंधरा-वीस पानांचा रिपोर्ट येतो. त्यात दोन-चार आकडे लाल रंगात किंवा ठळक अक्षरांत असतात आणि मग घरात काळजी सुरू होते.

याच राज्यात दुसरं चित्रही आहे. शेवटच्या बाळंतपणानंतर बीपी एकदाही मोजलं गेलं नाही, अशा पन्नाशीतल्या स्त्रिया गावोगावी आहेत. तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या तोंडात कुणी टॉर्च घेऊन कधी पाहिलेलं नसतं.

म्हणजे काही लोकांच्या गरजेपेक्षा जास्त तपासण्या होतात आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांची एकही होत नाही. त्यामुळे 'चेकअप करावा की करू नये' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती तपासणी, कुणासाठी, किती वर्षांनी आणि त्यानंतर पुढे काय, असे प्रश्न वेगवेगळे विचारले तर मात्र उत्तरं मिळतात. त्यातली काही महत्त्वाची उत्तरं महाराष्ट्रातल्याच स्त्रियांमुळे जगाला मिळाली आहेत.

निदान वेगळं, स्क्रीनिंग वेगळं

छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढला, तर ती निदानासाठी केलेली चाचणी झाली. डॉक्टरांना शंका आहे आणि ती खरी की खोटी हे चाचणीतून कळणार आहे. अशी चाचणी गरजेची आहे का, हा वादाचा मुद्दाच नाही.

काहीही त्रास नसताना, 'आजार लपला असेल तर सापडावा' म्हणून केलेल्या चाचणीला स्क्रीनिंग म्हणतात. मराठीत तिला चाळणी तपासणी म्हणता येईल. धान्य चाळताना खडे वेगळे व्हावेत ही अपेक्षा असते, पण चाळणीची जाळी चुकीची असेल तर खडे राहतात आणि दाणे गळतात. चाचण्यांचंही तसंच होतं.

म्हणून कोणत्या आजारासाठी स्क्रीनिंग करावं याचे निकष ठरवलेले आहेत. विल्सन आणि युंगनर या तज्ज्ञांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी असे दहा निकष मांडले. ते आजही वापरले जातात. आजार महत्त्वाचा हवा. लक्षणं दिसण्याआधी तो काही काळ ओळखता येईल अशा अवस्थेत राहायला हवा. चाचणी चांगली आणि लोकांना मान्य होणारी हवी. आजार सापडल्यावर उपचार उपलब्ध हवेत, आणि खर्चाचा मेळ बसायला हवा, असं त्यांचं सार आहे.

आजार सापडला पण पुढे उपचारच नाहीत, किंवा लवकर सापडूनही शेवटी काही फरक पडत नाही, तर ती तपासणी या निकषांवर नापास होते.

निरोगी माणसाचा रिपोर्ट 'लाल' का येतो?

रिपोर्टमध्ये प्रत्येक चाचणीपुढे 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. बहुतेक रक्तचाचण्यांसाठी ही मर्यादा ठरवताना निरोगी माणसांचे आकडे घेतले जातात आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे 'नॉर्मल' धरले जातात. उरलेले ५ टक्के लोकही निरोगीच असतात, फक्त त्यांचे आकडे या मर्यादेबाहेर असतात.

एकच चाचणी केली, तर निरोगी माणसाचा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर त्यातली किमान एक 'ॲबनॉर्मल' येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे नेमका आकडा बदलतो. तरीही ढोबळ नियम कायम राहतो. चाचण्या जितक्या जास्त, तितकी पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्ये काहीतरी लाल दिसण्याची शक्यता जास्त.

दुसरं गणित आजार किती दुर्मिळ आहे याचं आहे. समजा, १० हजार लोकांमध्ये ५० जणांना एखादा आजार आहे. चाचणी चांगली आहे. आजारी असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती पकडते आणि निरोगी असलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर 'निगेटिव्ह' सांगते. मग ५० आजारी लोकांपैकी ४५ जण सापडतील. पण ९,९५० निरोगी लोकांपैकी ९९५ जणांनाही 'पॉझिटिव्ह' असा निकाल मिळेल. म्हणजे एकूण १,०४० पॉझिटिव्ह लोकांमध्ये खरे आजारी ४५, साधारण २३ जणांमागे एक.

उरलेल्या ९९५ जणांना पुन्हा चाचणी, मग सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, कधी बायोप्सी असा प्रवास करावा लागतो. खर्च, रजा आणि रात्रीची झोप, सगळंच त्यात जातं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. ज्या गटात आजार जास्त आहे, त्या गटात तीच चाचणी जास्त उपयोगी ठरते. म्हणून चांगल्या स्क्रीनिंगमध्ये वय, लिंग, सवयी आणि घरातला आजारांचा इतिहास आधी पाहिला जातो. पॅकेजमध्ये मात्र पंचविशीतल्या तरुणालाही आणि पासष्टीतल्या आजोबांनाही अनेकदा तीच यादी मिळते.

संशोधन काय सांगतं?

निरोगी लोकांची सरसकट तपासणी केली तर ते जास्त जगतात का, हे तपासायला मोठे अभ्यास झाले आहेत. त्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०१९ मध्ये अद्ययावत केला. २०१९ च्या आढाव्यात १७ अभ्यास होते. त्यातल्या १५ अभ्यासांमधल्या सुमारे अडीच लाख लोकांची आकडेवारी तपासली गेली. सर्वसाधारण आरोग्य तपासणीमुळे एकूण मृत्यू किंवा कर्करोगाने होणारे मृत्यू यांत जवळपास काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला.

डेन्मार्कमधला 'इंटर९९' हा अभ्यास यात विशेष महत्त्वाचा आहे. ३० ते ६० वयोगटातले ५९,६१६ लोक त्यात होते. त्यातल्या एका गटाला हृदयविकाराच्या धोक्याची तपासणी आणि पाच वर्षं जीवनशैलीबद्दल समुपदेशन मिळालं. दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता.

अशा निष्कर्षांमुळे काही देशांनी सल्ले बदलले. कॅनडाच्या तज्ज्ञ गटाने तर १९७९ मध्येच सरसकट वार्षिक तपासणी सोडून वय आणि धोक्यानुसार नेमक्या तपासण्या करा, असं सुचवलं होतं.

पण हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लावता येत नाहीत. यातले बहुतेक अभ्यास युरोप आणि अमेरिकेत झाले, काही तर बरेच जुने आहेत. तिथे ज्यांची खास तपासणी झाली नाही, त्या गटातले लोकही सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने फॅमिली डॉक्टरांकडे जात होते आणि तिथे त्यांचं बीपी मोजलं जात होतं. म्हणजे तुलना 'तपासणी' आणि 'थोडी कमी तपासणी' यांच्यात होती. ज्या माणसाचं बीपी दहा वर्षांत एकदाही मोजलं गेलेलं नाही, त्याच्याबद्दल हे अभ्यास फार काही सांगत नाहीत.

लवकर सापडला म्हणजे जीव वाचला?

'वेळेत सापडलं म्हणून वाचले' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. अनेकदा ते खरंही असतं. पण नेहमीच खरं असतं असं नाही.

समजा, दोन माणसांना एकाच वेळी सारखाच कर्करोग सुरू झाला आणि दोघंही वयाच्या ७० व्या वर्षी गेले. पहिल्याला ६७ व्या वर्षी त्रास झाला आणि निदान झालं. दुसऱ्याच्या तपासणीत तो ६२ व्या वर्षीच सापडला. कागदोपत्री पहिला निदानानंतर ३ वर्षं जगला आणि दुसरा ८ वर्षं. प्रत्यक्षात दुसऱ्याचं आयुष्य एक दिवसानेही वाढलं नाही, फक्त तो रुग्ण म्हणून पाच वर्षं जास्त जगला. म्हणून निदानानंतर किती वर्षं जगले यापेक्षा मृत्यू किती कमी झाले, हा आकडा पाहावा लागतो.

दुसरा धोका आहे अतिनिदानाचा. काही गाठी इतक्या संथ वाढतात की आयुष्यभर त्यांचा त्रास होत नाही. त्या सापडल्या नसत्या, तरी काही बिघडलं नसतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. तिथे १९९९ मध्ये सरकारने काही कर्करोगांसाठी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू केला. थायरॉइडचा कर्करोग त्यात नव्हता. पण ३० ते ५० डॉलर जादा दिले की रुग्णालयं मानेची सोनोग्राफीही करून देत. लोकांनी ती करून घेतली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झालं. त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक लोकांना हे निदान मिळालं. या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र आधी होतं तेवढंच राहिलं.

निदान झालेल्या जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. अनेकांना थायरॉइडच्या गोळ्या आयुष्यभरासाठी लागल्या. शस्त्रक्रिया झालेल्या साधारण ११ टक्के लोकांच्या शरीरातलं कॅल्शियमचं नियंत्रण बिघडलं आणि २ टक्के लोकांच्या स्वरयंत्राच्या नसेला इजा झाली. २०१४ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या एका गटाने हे जाहीरपणे मांडलं. त्यानंतर वर्षभरात या शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

मुंबईच्या वस्त्या आणि उस्मानाबादची गावं

हे वाचून 'मग कुठलीच तपासणी नको' असं वाटू शकतं. पण याच्या अगदी उलट पुरावा महाराष्ट्रातच आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयोगटातल्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन आरोग्य सेविका म्हणून तयार केलं गेलं. त्या गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरसारखा द्रव लावत आणि एक मिनिटाने डोळ्यांनी पाहत. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. या चाचणीला व्हीआयए म्हणतात. तिला प्रयोगशाळा लागत नाही आणि निकाल लगेच मिळतो.

दर दोन वर्षांनी, चार वेळा ही तपासणी झाली. १२ वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल सेंटर यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांची चार गटांत विभागणी केली होती. एका गटाची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली. हा कर्करोग एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गामुळे होतो. आठ वर्षांत या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. म्हणजे एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या व्हिनेगर चाचणीने मात्र इतका फरक दिसला नाही. तिचा फायदा हवा असेल तर ती ठरावीक काळाने पुन्हा करावी लागते, हे मुंबईच्या अभ्यासातून दिसलं.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांना माहिती दिली गेली, पण त्यांची तपासणी झाली नाही. त्यांच्यातले मृत्यू टाळता आले असते, असा आक्षेप घेतला गेला. त्यावेळी भारतात अशी सार्वत्रिक तपासणी उपलब्धच नव्हती, असं संशोधकांचं उत्तर होतं.

मुंबईच्याच अभ्यासात आरोग्य सेविका हाताने स्तनांची तपासणीही करत. त्याचे २० वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ५० आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. ५० पेक्षा कमी वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र फायदा दिसला नाही.

केरळमध्ये तिरुअनंतपुरम परिसरात तोंडाच्या तपासणीचा असाच अभ्यास झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. ज्यांना ही व्यसनं नव्हती, त्यांच्यात असा फायदा सिद्ध झाला नाही. इथेही मुद्दा तोच, योग्य माणसाची तपासणी.

पुरावा आहे, तपासणी नाही

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ३० वर्षांवरील सगळ्यांसाठी पाच आजारांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. उच्च रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा कर्करोग, स्तनाचा कर्करोग आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग हे ते पाच आजार. रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा, कर्करोगांची तपासणी पाच वर्षांतून एकदा, असं त्यात सांगितलं आहे. आशा सेविका घरोघरी जाऊन सीबॅक नावाचा फॉर्म भरतात. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातल्या आजारांची माहिती असते. पुढची तपासणी उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होणं अपेक्षित आहे.

पण २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाल्याचं सांगितलं. स्तनांच्या तपासणीचं प्रमाण ०.९ टक्के होतं.

याची कारणं पैशांपलीकडची आहेत. ही तपासणी कमरेखालची असल्याने संकोच असतो. 'मला काही त्रास नाही, मग कशाला' असं अनेकींना वाटतं. शेतातली किंवा घरकामातली मजुरी बुडवून दवाखान्यात जाणं परवडत नाही. शिवाय पॉझिटिव्ह निघालं तर तालुक्याच्या आणि मग जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. त्या टप्प्यावर अनेकजणी गळतात, आणि उपचारापर्यंत न पोहोचलेल्या तपासणीचा उपयोग शून्य असतो.

बीपी आणि शुगरचं काय?

भारतात सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी पडेल अशी तपासणी बहुधा सगळ्यात स्वस्त आहे. ती म्हणजे दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के आढळलं. आजार इतका सर्रास असेल, तर वर दिलेलं गणित उलटतं आणि पॉझिटिव्ह आलेला माणूस खरंच आजारी असण्याची शक्यता वाढते.

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं काहीच जाणवू न देता मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाचं नुकसान करतो. त्यावरच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि त्यांनी पक्षाघात व हृदयविकाराचा धोका कमी होतो, हे भक्कमपणे सिद्ध झालेलं आहे. मात्र एकाच वेळच्या आकड्यावर निदान करू नये. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू नको, आणि आकडा जास्त आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं.

साखरेच्या बाबतीत चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या स्क्रीनिंगमुळे दहा वर्षांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. भारतीयांना मात्र मधुमेह तुलनेने कमी वयात आणि कमी वजनातही होतो. म्हणून भारतातले तज्ज्ञ तिशीपासून तपासणीचा आग्रह धरतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेल्या धोका मोजण्याच्या पद्धतीत वय, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आई-वडिलांचा मधुमेह या चारच गोष्टी पाहतात. साठ किंवा त्याहून जास्त गुण आले, तर रक्त तपासून घ्यावं.

पॅकेजमधल्या कोणत्या चाचण्यांबद्दल विचार करावा?

- ट्यूमर मार्कर: 'कॅन्सर स्क्रीनिंग' म्हणून सीए-१२५, सीईए अशा रक्तचाचण्या पॅकेजमध्ये असतात. मासिक पाळी, एंडोमेट्रिओसिस, गर्भारपण यांतही सीए-१२५ वाढतं, धूम्रपानाने सीईए वाढतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात सीए-१२५ आणि सोनोग्राफीच्या स्क्रीनिंगने अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. आधीच कर्करोग असलेल्यांच्या उपचारात मात्र या चाचण्यांचा उपयोग होतो.
- पीएसए: प्रोस्टेटसाठीची ही चाचणी सरसकट करू नये. अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाच्या २०१८ च्या सल्ल्यानुसार ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलून ठरवावं आणि सत्तरीनंतर ती करू नये.
- ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट: कसलाही त्रास नसलेल्या आणि हृदयविकाराचा धोका कमी असलेल्या लोकांमध्ये या चाचण्या करू नयेत, असं याच तज्ज्ञ गटाने सांगितलं आहे.
- पूर्ण शरीराचा सीटी स्कॅन: निरोगी माणसाला याचा फायदा होतो असा पुरावा नाही. किरणोत्सर्ग मात्र छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो.
- व्हिटॅमिन डी: निरोगी प्रौढांमध्ये याची नेहमी चाचणी करण्याची शिफारस तज्ज्ञ संस्था करत नाहीत. हाडांचे आजार किंवा अन्य कारण असेल तर गोष्ट वेगळी.
- मॅमोग्राफी: पन्नाशीनंतर तिचा काही फायदा आहे, पण तोटेही आहेत. तरुण वयात स्तनांची ऊती दाट असल्याने गाठ नीट दिसत नाही. आई, बहीण किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर लवकर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग साधारणपणे काय करावं?

कसलाही त्रास नसलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी ही ढोबळ यादी उपयोगी पडेल. नेमकं वेळापत्रक आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

- तिशीनंतर वर्षातून एकदा बीपी, वजन आणि कंबरेचा घेर. त्यासाठी पॅकेजची गरज नाही.
- तिशीनंतर रक्तातली साखर. पोट सुटलेलं असेल किंवा घरात मधुमेह असेल तर त्याआधीही.
- चाळिशीच्या आसपास कोलेस्टेरॉल. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर आधी.
- स्त्रियांनी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार एचपीव्ही चाचणी असेल तर ५ ते १० वर्षांतून एकदा पुरते. लस घेतली असली तरी तपासणी सोडू नये.
- स्त्रियांनी स्तनांची तपासणी प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्यावी, विशेषतः पन्नाशीनंतर.
- तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी किंवा दारूची सवय असेल तर तोंडाची तपासणी.

गर्भवतींच्या आणि नवजात बाळांच्या तपासण्या या यादीत येत नाहीत. त्या ठरल्या वेळी करायलाच हव्यात. ज्यांना आधीच मधुमेह, बीपी किंवा दुसरा आजार आहे, त्यांच्या नियमित चाचण्याही वेगळ्या. त्या उपचाराचाच भाग आहेत.

आणि लक्षण दिसलं, तर पुढच्या चेकअपची वाट पाहू नये. स्तनातली गाठ, तोंडातला दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पाळी थांबल्यावर होणारा रक्तस्राव, शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, चालताना छातीत येणारं दडपण, यासाठी लगेच डॉक्टरांकडे जावं. गेल्या महिन्यातला 'ऑल नॉर्मल' रिपोर्ट हातात असला तरीही. नॉर्मल रिपोर्टमुळे लक्षणाकडे दुर्लक्ष होणं किंवा 'सगळं ठीक आहे' म्हणून तंबाखू चालू राहणं, हादेखील चेकअपचा एक तोटाच आहे.

पॅकेज घेण्याआधी विचारायचे प्रश्न

प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या एकूण मर्यादेत राहून प्रतिबंधात्मक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते. त्यामुळे मार्चमध्ये अनेकजण घाईने पॅकेज घेतात. त्याआधी चार प्रश्न विचारावेत.

ही चाचणी माझ्या वयाच्या आणि माझ्यासारखा धोका असलेल्या माणसाला सुचवली जाते का? निकाल वाईट आला तर पुढची पायरी कोणती आणि ती मला करता येईल का? हा आजार आज सापडल्याने, त्रास झाल्यावर सापडण्यापेक्षा काही वेगळं होणार आहे का? आणि हा रिपोर्ट मला समजावून कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात व्यवहारी आहे. घरचा इतिहास माहीत असलेले, तंबाखूबद्दल विचारणारे आणि बीपी स्वतः मोजणारे डॉक्टर वर्षातून एकदा भेटले, तर त्यांनी लिहून दिलेल्या तीन-चार चाचण्या सत्तर चाचण्यांच्या पॅकेजपेक्षा जास्त कामाच्या ठरू शकतात.

आईच्या वाढदिवसाला काही द्यायचंच असेल, तर तिच्याबरोबर जाऊन गर्भाशयमुखाची तपासणी करून आणणं हा चांगला पर्याय आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही तोच प्रश्न विचारता येईल, कारण सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत आहे. मुंबईतल्या वस्त्यांमधल्या स्त्रियांवर ती सिद्ध होऊन एक तपाहून जास्त काळ लोटला आहे.